लॅपटॉपला वेगळा मॉनिटर घेताना: मान आणि डोळ्यांसाठी काय पाहावे?

"मॅडम, मानेचा पट्टा अजून किती दिवस लावू?" चिखली तालुक्यातून आलेल्या तिशीतल्या एका तरुणाचा हा प्रश्न होता. २०२० च्या टाळेबंदीत तो पुण्याहून गावी आला आणि पुढेही घरूनच काम करू लागला. रोज नऊ-दहा तास लॅपटॉप. आठ महिन्यांपासून मान आणि उजवा खांदा दुखत होता, संध्याकाळी डोके जड व्हायचे. एक्स-रे झाला होता, "मणक्यात गॅप आहे" असे कुणीतरी सांगितले होते. वेदनाशामक गोळी घेतली की चार दिवस बरे वाटायचे, बंद केली की दुखणे परत. गोळ्यांनी पित्त वाढले ते वेगळेच. आता घरचे एमआरआयसाठी पैसे जमवत होते.

तपासणीत हाताची ताकद चांगली होती, मुंग्या किंवा बधिरपणा नव्हता. मी त्याला एकच काम सांगितले: काम करत असताना घरच्या कुणाला तरी बाजूने एक फोटो काढायला सांग. तो फोटो पाहिल्यावर पुढचा खर्च कशावर करायचा, हे त्याचे त्यालाच कळले.

हा लेख त्या फोटोबद्दल आहे. लॅपटॉपला वेगळा मॉनिटर जोडावा का, कोणता घ्यावा आणि कसा ठेवावा, हे मान व डोळ्यांच्या दृष्टीने इथे सांगितले आहे.

थोडक्यात

- रोज तीन-चार तासांहून जास्त वेळ लॅपटॉपवर काम असेल, तर पडदा आणि कीबोर्ड एकमेकांपासून वेगळे करणे हा मुख्य उपाय आहे. मॉनिटर हा त्याचा एक मार्ग आहे, एकमेव नाही.
- विकत घेण्याआधी दोन आठवडे बिनखर्ची चाचणी करून पाहा.
- निवडताना उंची, अंतर आणि अक्षराचा आकार या तीन गोष्टी पाहा. चकाकी आणि जाहिरात नंतर.
- हातात मुंग्या, अशक्तपणा किंवा अचानक दृष्टी कमी होणे अशी लक्षणे असतील तर मॉनिटरच्या दुकानाआधी डॉक्टरांकडे जा.

लॅपटॉपची मूळ अडचण काय?

लॅपटॉपमध्ये पडदा आणि कीबोर्ड एकाच बिजागरीने जोडलेले असतात. हात सोयीच्या उंचीवर ठेवायचे तर पडदा फार खाली जातो. पडदा डोळ्यांसमोर आणायचा तर हात छातीपर्यंत उचलावे लागतात. दोन्ही एकाच वेळी नीट ठेवता येत नाहीत.

आकड्यांत पाहू. टेबलाशी नीट बसल्यावर प्रौढ व्यक्तीचे डोळे टेबलापासून साधारण ४० ते ४५ सेंमी उंचीवर असतात. १४ इंची लॅपटॉपच्या पडद्याची वरची कड मात्र जेमतेम २० ते २२ सेंमीवर असते. म्हणजे सगळे काम डोळ्यांच्या पातळीपासून एक वीत खाली चाललेले असते, आणि ती वीत मान भरून काढते.

आपल्या डोक्याचे वजन सुमारे साडेचार ते पाच किलो असते. मान सरळ असताना हे वजन मणक्यावर तोललेले राहते. मान पुढे झुकली की ते मागच्या स्नायूंना धरून ठेवावे लागते. पाण्याची भरलेली कळशी कमरेवर घेणे आणि हात लांब करून धरणे यात जो फरक आहे, तोच इथे आहे. स्नायू दिवसभर ताणलेले राहिले की संध्याकाळपर्यंत मान, खांदे आणि डोक्याचा मागचा भाग दुखू लागतो.

डोळ्यांचे कारण वेगळे. एरवी आपण मिनिटाला साधारण १५ ते २० वेळा पापण्या मिटतो. पडद्याकडे टक लावून पाहताना हे प्रमाण निम्म्याहूनही खाली जाऊ शकते. डोळ्यांवरचा अश्रूंचा थर सुकतो आणि जळजळ, खुपणे, मधूनच धूसर दिसणे सुरू होते. लहान अक्षरे वाचण्यासाठी आपण नकळत पुढे सरकतो, मग डोळे आणि मान दोन्ही थकतात.

आधी बिनखर्ची चाचणी

मॉनिटर घेण्यापूर्वी हे दोन आठवडे करून पाहा.

१. लॅपटॉपखाली चौरंग, पाट किंवा जाड पुस्तके ठेवून पडद्याची वरची कड डोळ्यांच्या पातळीवर किंवा किंचित खाली आणा.

२. वेगळा कीबोर्ड आणि माऊस जोडा. साधा जोड हजार रुपयांच्या आत मिळतो. चाचणीपुरता कुणाकडून मागून आणला तरी चालेल.

३. कोपरे शरीराजवळ आणि साधारण काटकोनात राहतील असे बसा. त्यासाठी खुर्ची उंच करावी लागली आणि पाय लोंबकळू लागले, तर पायाखाली पाट घ्या.

४. रोज रात्री दुखण्याला ० ते १० पैकी गुण देऊन वहीत लिहा.

दोन आठवड्यांत आकडा खाली आला, तर दुखण्याचा मोठा वाटा बसण्याच्या पद्धतीचा आहे असे समजा. एवढ्याने भागत असेल तर मॉनिटरची गरज नाही. विद्यार्थ्यांना आणि दिवसातून एक-दोन तास काम करणाऱ्यांना बहुतेक वेळा हेच पुरते. अक्षरे लहान वाटत असतील, दोन कागदपत्रे शेजारी-शेजारी उघडावी लागत असतील किंवा काम आठ तासांचे असेल, तर मात्र मॉनिटरचा खरा उपयोग होतो.

एक गोष्ट प्रामाणिकपणे सांगायला हवी. नुसती साधने बदलल्याने मानदुखी किती कमी होते, याबाबतच्या संशोधनाचे निष्कर्ष एकसारखे नाहीत. म्हणून मॉनिटरला औषध समजू नका. मान झुकण्याचे कारण त्याने दूर होते. अधूनमधून उठणे आणि व्यायाम हे तुम्हालाच करावे लागते.

मॉनिटर निवडताना काय पाहावे?

आकार. मॉनिटरचा आकार कर्णात मोजतात. २४ इंची मॉनिटर सुमारे ५३ सेंमी रुंद आणि ३० सेंमी उंच असतो, २७ इंची सुमारे ६० बाय ३४ सेंमी. तुमच्या टेबलाची खोली मोजा. पडदा डोळ्यांपासून ५० ते ७० सेंमी, म्हणजे जवळपास हाताच्या अंतरावर यायला हवा. ६० सेंमी खोलीच्या लहान टेबलावर २४ इंच योग्य. टेबल ७५ सेंमी खोल असेल तर २७ इंच चालेल. लहान टेबलावर ३२ इंची पडदा आणला तर दिवसभर मान उजवी-डावीकडे फिरत राहते.

रिझोल्यूशन. पडद्यावर किती ठिपके आहेत हे रिझोल्यूशन सांगते. फुल एचडी म्हणजे १९२० बाय १०८०. २४ इंचांवर याचे दर इंचाला सुमारे ९२ ठिपके होतात, ते कार्यालयीन कामाला पुरेसे आहेत. तेच रिझोल्यूशन २७ इंचांवर पसरले की ८२ ठिपके उरतात आणि अक्षरांच्या कडा भरड दिसू लागतात. २७ इंच घ्यायचा असेल तर २५६० बाय १४४० पाहा. ही चूक मी स्वतः केली आहे. मोठा आणि स्वस्त दिसला म्हणून दवाखान्यासाठी २७ इंची फुल एचडी घेतला. मराठीतली वेलांटी आणि अनुस्वार नीट दिसावे म्हणून मी पडद्याकडे वाकू लागले, आणि मान होती तिथेच आली.

अक्षराची उंची. ६० सेंमी अंतरावरून वाचताना अक्षर ३ ते ४ मिमी उंच असावे. देवनागरीत वर-खाली मात्रा असतात, म्हणून शिरोरेषेपासून अक्षराच्या पायापर्यंतच एवढी उंची धरा. साधी पट्टी लावून मोजता येते. कमी भरली तर संगणकाच्या सेटिंगमधून अक्षर १२५ टक्के करा. याला पैसे लागत नाहीत आणि अनेकांचा त्रास एवढ्यानेच उतरतो.

स्टँड. माझ्या मते सर्वांत जास्त लक्ष इथे द्यावे. अनेक स्वस्त मॉनिटर फक्त पुढे-मागे कलतात, वर-खाली होत नाहीत. एकाच मॉनिटरवर घरातले दोन जण काम करणार असतील, तर वर-खाली होणारा स्टँड घ्या. एकच जण वापरणार असेल तर साधा स्टँड आणि खाली लाकडी फळी चालते. मागच्या बाजूला ७५ किंवा १०० मिमी अंतरावर चार स्क्रूंची छिद्रे आहेत का, तेही पाहा. ती असतील तर पुढे भिंतीवरचा किंवा टेबलाला लावायचा हात बसवता येतो.

पृष्ठभाग. चकचकीत काचेसारख्या पडद्यात खिडकी आणि ट्यूबलाइट दिसते. मॅट पृष्ठभाग घ्या.

पॅनेल. आयपीएस प्रकारात बाजूने पाहिले तरी रंग आणि अक्षरे फारशी बदलत नाहीत. व्हीए प्रकारही कार्यालयीन कामाला चालतो. टीएन प्रकार स्वस्त, पण थोडे वर-खाली झाले की चित्र फिकट होते, मग माणूस एकाच अवघडलेल्या स्थितीत बसून राहतो.

लुकलुक. काही मॉनिटर उजेड कमी करण्यासाठी दिवा अतिशय वेगाने चालू-बंद करतात. डोळ्यांना ते जाणवत नाही, पण काहींची, विशेषतः अर्धशिशी असणाऱ्यांची, डोकेदुखी त्याने वाढू शकते. दुकानात मॉनिटरचा उजेड कमी करायला सांगा आणि मोबाईलच्या स्लो मोशनमध्ये पांढऱ्या पडद्याचे चित्रीकरण करा. सरकते काळे पट्टे दिसले तर तो मॉनिटर नको. खोक्यावर 'फ्लिकर फ्री' लिहिलेले असले तरी ही चाचणी करा.

जोडणी. खरेदीला जाताना लॅपटॉप बरोबर न्या. बहुतेक लॅपटॉपना एचडीएमआय असते. टाइप-सी छिद्र असले म्हणजे त्यातून चित्र जाईलच असे नाही, काही टाइप-सी फक्त चार्जिंग आणि फाइलींसाठी असतात. दुकानातच जोडून पाहा.

२४ इंची, आयपीएस, फुल एचडी, मॅट मॉनिटर साधारण आठ ते बारा हजार रुपयांत मिळतो. बहुतेकांना एवढा पुरतो.

कशावर जादा पैसे देऊ नयेत?

- निळा प्रकाश अडवणारे चष्मे. २०२३ मध्ये कॉक्रेन या संस्थेने आतापर्यंतच्या अभ्यासांचा आढावा घेतला. साध्या काचांच्या तुलनेत या चष्म्यांनी डोळ्यांचा ताण, निदान थोड्या काळात तरी, कमी होत नसावा असा त्याचा निष्कर्ष आहे. मॉनिटरमधला 'लो ब्लू लाइट' पर्याय फुकट असेल तर वापरा, पण त्यासाठी किंमत मोजू नका.
- १४४ हर्ट्झ किंवा त्याहून अधिक वेग. हा खेळांसाठी उपयोगी. पत्रे, हिशेब आणि पोर्टलच्या कामाला ६० ते १०० हर्ट्झ पुरतात.
- वक्र पडदा. २४ इंचांत त्याचा विशेष फायदा नाही.

घरातला जुना टीव्ही चालेल का?

हा प्रश्न मला सेवा केंद्र चालवणारे आणि शिक्षक नेहमी विचारतात. ३२ इंची 'एचडी रेडी' टीव्हीवर दर इंचाला जेमतेम ५० ठिपके असतात. तो लांबून पाहण्यासाठी बनवलेला आहे. हाताच्या अंतरावरून त्यावर आठ तास अक्षरे वाचणे डोळ्यांना जड जाते. कधीमधी सभेसाठी चालेल, रोजच्या कामाला नको.

जुना मॉनिटर घ्यायला हरकत नाही. पूर्ण पांढरा पडदा लावून डाग, पिवळेपणा आणि कोपऱ्यांतला अंधार पाहा, लुकलुकीची चाचणी करा आणि अर्धा तास चालू ठेवा.

घरी कसा ठेवावा?

- मॉनिटर आणि कीबोर्ड दोन्ही नाकासमोर. सर्वांत जास्त दिसणारी चूक म्हणजे लॅपटॉप समोर, मॉनिटर बाजूला आणि सगळे काम मॉनिटरवर. त्याने मान दिवसभर एकीकडे वळलेली राहते.
- पडद्याची वरची कड डोळ्यांच्या पातळीवर किंवा दोन-तीन बोटे खाली. वरची बाजू किंचित मागे कललेली.
- खिडकी डाव्या किंवा उजव्या बाजूला. पाठीमागे असेल तर पडद्यावर उजेड पडतो, समोर असेल तर डोळे दिपतात.
- पडद्याशेजारी पांढरा कागद धरा. पडदा कागदापेक्षा दिव्यासारखा उजळ दिसत असेल तर उजेड कमी करा, राखाडी दिसत असेल तर वाढवा.
- दर २० मिनिटांनी २० सेकंद २० फुटांवर पाहा आणि पापण्या पूर्ण मिटा. दर अर्ध्या-पाऊण तासाने उठून दोन मिनिटे चाला.

चाळिशी लागलेल्यांसाठी

चाळिशीनंतर जवळचे पाहायला चष्मा लागतो. दुहेरी किंवा प्रोग्रेसिव्ह काचेत वाचायचा भाग खाली असतो. मॉनिटर डोळ्यांच्या पातळीवर ठेवला तर त्या भागातून पाहण्यासाठी हनुवटी वर उचलावी लागते आणि मान मागे मोडते. अशांनी मॉनिटर ५ ते १० सेंमी खाली ठेवावा आणि मागे जास्त कलवावा. काम रोजचे असेल तर डोळ्यांपासून पडद्याचे अंतर टेपने मोजून नेत्रतज्ज्ञांना सांगा. त्या अंतरासाठी वेगळा चष्मा करता येतो. वाचायचा चष्मा साधारण ४० सेंमीसाठी असतो, त्यातून ६० सेंमीवरचा पडदा धूसर दिसतो आणि माणूस पुढे वाकतो.

मधुमेह असेल आणि नंबर वारंवार बदलतो आहे असे वाटत असेल, तर चष्मा किंवा मॉनिटर बदलण्याआधी साखर तपासा. साखर वर-खाली झाली की दृष्टीही काही आठवडे बदलती राहते.

आपल्याकडचा उन्हाळा आणि वीज

घाटाखाली खामगाव, शेगाव, मलकापूरकडे एप्रिल-मेमध्ये पारा चाळीसच्या वर जातो आणि टेबल बरेचदा कूलरच्या थेट झोतात ओढले जाते. तो झोत डोळ्यांवरचे अश्रू सुकवतो. कूलर किंवा पंख्याचा वारा अंगावर येऊ द्या, चेहऱ्यावर नको. घाटावर बुलढाणा-चिखलीकडे उन्हाचा तडाखा थोडा कमी, पण पंख्याचे तेच. डोळे तरीही कोरडे राहत असतील तर डॉक्टरांच्या सल्ल्याने अश्रूंसारखे थेंब वापरा. लाली घालवणारे थेंब दुकानातून परस्पर आणून रोज घालू नका.

वीज गेल्यावर लॅपटॉप बॅटरीवर चालतो, मॉनिटर बंद पडतो आणि माणूस पुन्हा लॅपटॉपवर वाकतो. २४ इंची एलईडी मॉनिटरला साधारण १५ ते २५ वॅट लागतात, म्हणजे साध्या छताच्या पंख्याहून बरेच कमी. घरात इन्व्हर्टर असेल तर मॉनिटर त्याच लाइनवर घ्या. तीन पिनांचे, अर्थिंग असलेले सॉकेट वापरा.

डॉक्टरांकडे केव्हा जावे?

पुढीलपैकी काहीही असेल तर वाट पाहू नका:

- मानेतून हातात उतरणारी कळ, मुंग्या, बधिरपणा, किंवा हातातून वस्तू निसटणे
- चालताना तोल जाणे, पाय जड होणे, लघवी-शौचावरचा ताबा कमी होणे
- पडल्यानंतर किंवा अपघातानंतर सुरू झालेली मानदुखी
- मानदुखीसोबत ताप, वजन घटणे, किंवा झोपेतून उठवणारे दुखणे
- अचानक उठलेली तीव्र डोकेदुखी, किंवा डोकेदुखीसोबत उलट्या
- मानदुखीसोबत छातीत दडपण, घाम, डाव्या हातात किंवा जबड्यात दुखणे. हे हृदयाचे असू शकते, लगेच रुग्णालय गाठा.
- अचानक कमी दिसणे, एकाचे दोन दिसणे, डोळ्यांसमोर वीज चमकल्यासारखे होणे, लाल आणि दुखरा डोळा

यांपैकी काही नसेल, तर बहुतेक मानदुखीत पहिल्याच भेटीत एमआरआय लागत नाही. चाळिशीनंतर काहीच दुखत नसलेल्या अनेकांच्या एक-रेतही मणक्याची झीज दिसते, त्यामुळे "गॅप" हा शब्द ऐकून घाबरू नका. मानेचा पट्टा आठवड्यामागून आठवडे लावल्यास स्नायू कमजोर होतात. वेदनाशामक गोळ्या महिनोन्महिने स्वतःच्या मनाने घेतल्यास जठरात व्रण, रक्तदाब वाढणे आणि मूत्रपिंडाला इजा होऊ शकते. रक्तदाब, मधुमेह किंवा मूत्रपिंडाचा विकार असणाऱ्यांना हा धोका अधिक असतो.

त्या तरुणाचे पुढे काय झाले?

फोटोत तो जेवणाच्या टेबलावर, हनुवटी जवळजवळ छातीला टेकवून बसलेला दिसला. त्याने लॅपटॉप देवघरातल्या जुन्या चौरंगावर ठेवला आणि भावाचा कीबोर्ड जोडला. पट्टा काढला, मानेचे आणि खांद्याचे व्यायाम सुरू केले. तीन आठवड्यांनी दुखणे सातवरून तीनवर आले होते आणि गोळ्या बंद झाल्या होत्या. पूर्ण आराम पडायला अजून दोन महिने लागले. मॉनिटर त्याने त्यानंतर घेतला, २४ इंची. एमआरआय करावा लागला नाही.

तुम्हालाही मान दुखत असेल तर पुढच्या भेटीत असा एक बाजूने काढलेला फोटो आणि दुखण्याच्या गुणांची वही बरोबर आणा. जुने एक्स-रे आणि चालू गोळ्याही आणा. तपासणी करताना आम्हाला या सगळ्याचा उपयोग होतो.